‘संगीतवर्गाचा मुलांना झालेला फायदा’ : या रकान्यात काय लिहू?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. लांबेल थोडा, सांभाळून घ्या.

गेली सहा वर्षं मी एका बालगृहात आठवड्यातून तीन दिवस गाणं आणि ताल शिकवते. मुलं आठ ते पंधरा वयाची. काहींना आईवडील नाहीत, काहींचे असून नसल्यासारखे, काही रस्त्यावरून आलेली. वर्गाचा खर्च एक देणगीदार संस्था उचलते. यंदा त्यांनी नवा फॉर्म पाठवलाय. त्यात एक रकाना आहे : ‘संगीतवर्गाचा मुलांना झालेला मोजता येण्याजोगा फायदा’. कंसात उदाहरणही दिलंय – गणिताचे गुण, शाळेतली हजेरी, इत्यादी.

दोन आठवडे झाले, रकाना कोरा आहे.

गणिताचे गुण माझ्या वर्गामुळे वाढलेत का, मला माहीत नाही. एका मुलाचे चांगले वाढलेत, पण त्याच वर्षी त्याला चष्माही लागलाय. फळा दिसायला लागल्यावर गणित येणारच की!

मला जे दिसतं ते वेगळंच असतं. एक सांगते. अकरा वर्षांचा एक मुलगा आहे. हाताला येईल ते बडवायचा. बाक, बादली, शेजाऱ्याची पाठ. त्याला मी सात मात्रांचा ठेका टाळीवर शिकवला, तीन-दोन-दोन. यायचा पटकन, पण थांबायचं नावच नाही. मग एक खेळ सुरू केला. सगळ्यांनी गोल बसायचं, एकेकानं एकच मात्रा वाजवायची, आपली पाळी येईपर्यंत हात मांडीवर. मुलं तेवीस आणि मात्रा सात, त्यामुळे दर फेरीला प्रत्येकाच्या वाट्याला वेगळी मात्रा येते. पाठ करून भागत नाही, बावीस जणांचं ऐकावंच लागतं.

या पठ्ठ्याची टाळी दरवेळी आधीच पडायची. पोरं ओरडायची. पहिल्या दिवशी तो उठून गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं शेजारच्याला ढकललं. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी माझं लक्ष गेलं : हात वर उचललेला, बोटं थरथरताहेत, आणि पडत नाहीयेत. दोन मात्रा तसाच राहिला तो हात. मग टाळी, नेमकी जागेवर. कुणी वाहवा वगैरे केली नाही, खेळ केव्हाच पुढे सरकला होता.

हे त्या रकान्यात कसं लिहू? ‘हात दोन मात्रा हवेत थांबला’ असं?

तुमच्यापैकी कुणी अशा मुलांना शिकवलं असेल, किंवा स्वतः अशा वर्गात बसलं असेल, तर लिहा. ‘संगीतानं मन प्रसन्न होतं’ हे सोडून काहीही चालेल.

रविवारची_दुपार

वाचतेय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

आकडेमोड्या

ताई, शेवटच्या वाक्यासाठी आधी तुम्हाला नमस्कार.

गुणांचं आमिष दाखवून वर्गाला पैसे मिळवू नका असा माझा सल्ला, कारण ते आमिष टिकत नाही. १९९३ मध्ये एक छोटा प्रयोग झाला. कॉलेजच्या छत्तीस मुलांना दहा मिनिटं मोझार्टचं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकवलं आणि कागदाच्या घड्या मनातल्या मनात उलगडण्यासारख्या कोड्यांत ती थोडी सरस ठरली. परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. त्यावरून ‘मोझार्ट ऐका, हुशार व्हा’ अशी आवई उठली आणि १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरनं प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी द्यायला सरकारी पैसे मागितले. प्रयोगात बाळ एकही नव्हतं. असो.

पुढे जरा गंभीर काम झालं. शेलेनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये सहा वर्षांच्या १४४ मुलांचे चार गट केले : कीबोर्ड, गायन, नाटक आणि काहीच नाही. वर्षाअखेर संगीताच्या दोन्ही गटांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा थोडासा जास्त वाढलेला दिसला. पण वागणूक सुधारली ती नाटकवाल्यांची! हा भाग कुणी उद्धृत करत नाही.

आणि २०२० मध्ये साला आणि गोबे या संशोधकांनी असे ५४ अभ्यास, जवळपास ७००० मुलं, एकत्र करून तपासली. जिथे प्रयोगाची आखणी चोख होती, म्हणजे चिठ्ठ्या टाकून गट पाडले होते आणि तुलनेच्या गटालाही दुसरं काहीतरी शिकवलं होतं, तिथे संगीतामुळे बुद्धी किंवा गुण वाढल्याचा फायदा जवळपास शून्यावर आला.

त्या बडवणाऱ्या मुलाबद्दल : मधल्या काळात त्याचं वयही वाढलंय, हे धरावं लागेल. राग मानू नका.

मंद्रसप्तक

राग कसला. वय वाढलंय हे खरंच आहे. पण तीन आठवड्यांत कितीसं वाढणार?

आकडेमोड्या

:) हा गुण तुमचा.

फळाखडू

मी प्राथमिक शाळेत शिकवते. वरच्या प्रतिसादाला थोडी पुस्ती जोडते.

‘बुद्धी वाढते’ हा दावा वेगळा आणि ‘ऐकणं तयार होतं’ हा वेगळा. लॉस एंजेलिसमध्ये ‘हार्मनी प्रोजेक्ट’ नावाचा उपक्रम आहे, २००१ पासून. गरीब वस्त्यांतल्या मुलांना वाद्य आणि शिक्षण फुकट. मेंदूशास्त्रज्ञ नीना क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मुलांच्या मेंदूचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद मोजला. ‘बा’ आणि ‘गा’ यांसारख्या जवळच्या ध्वनींतला फरक मेंदू किती स्पष्ट नोंदवतो, एवढंच पाहिलं. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. दोन वर्षं शिकलेल्या मुलांत फरक स्पष्ट दिसला. एका वर्षात? काही नाही.

आता हा ‘बा-गा’ प्रकार किरकोळ वाटेल. वर्गात उभं राहिलं की कळतं तो किती मोठा आहे ते. जी मुलं गोंगाटात वाढतात (एका खोलीत सहा माणसं, टीव्ही सतत चालू, बाहेर रहदारी) त्यातल्या पुष्कळांना शब्दांच्या कडा नीट ऐकूच येत नाहीत. ‘कप’ आणि ‘कफ’, ‘बाट’ आणि ‘भाट’ सारखंच. मग वाचताना अडखळतात आणि आपण त्यांना ‘ढ’ म्हणून मोकळे. गाण्याच्या तासाला ती पोरं काय करतात? बारीक फरक ऐकतात. ‘हा ग कोमल लागला का शुद्ध’ हे ज्याला कळायला लागतं त्याचा कान इतर ठिकाणीही जागा होत असणार.

‘असणार’ म्हटलंय, आकडेमोड्या. नोंद घ्यावी.

अवांतर : माझ्या वर्गात अडखळत बोलणारी एक मुलगी होती. हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही घाम फुटायचा. कवितेला चाल लावली की सलग म्हणायची. अडखळणाऱ्या बहुतेकांचं गाताना असंच होतं, त्यात नवल नाही. पण वर्गातल्या चाळीस पोरांनी तिचा सलग आवाज पहिल्यांदा ऐकला ना, त्यानंतर ती अडखळली की पोरं हसेनाशी झाली. बदल तिच्यात कमी झाला, पोरांत जास्त.

रविवारची_दुपार

शेवटची ओळ! +१

जुनीपुराणी

इतिहासाची काडी टाकतो.

आज ‘कॉन्झर्वेटरी’ म्हटलं की झुंबरं, काळे कोट आणि भरमसाट फी डोळ्यांसमोर येते. मूळ शब्द इटालियन ‘कॉन्झर्वातोरिओ’, म्हणजे जिथे जपलं, सांभाळलं जातं ती जागा. सोळाव्या शतकात नेपल्समध्ये अशा चार संस्था निघाल्या आणि त्या चक्क अनाथाश्रम होत्या. पोरांना काहीतरी कसब द्यायचं म्हणून संगीत शिकवायला लागले आणि बघता बघता युरोपातले उत्तम गायक-वादक तिथून यायला लागले. म्हणजे अनाथ मुलांना संगीत शिकवणं हा संगीतशिक्षणाचा कुठला दानधर्मी उपविभाग नव्हे. पाश्चात्त्य संगीतशाळेचा उगमच तिथला आहे.

व्हेनिसची गोष्ट तर अजून रंगतदार. ऑस्पेदाले देल्ला पिएता ही टाकून दिलेल्या बाळांची संस्था. तिथल्या मुलींचा वाद्यवृंद इतका गाजला की परदेशी पाहुणे मुद्दाम ऐकायला यायचे. मुली जाळीमागे बसून वाजवायच्या. १७०३ मध्ये त्यांना व्हायोलिन शिकवायला पंचविशीतला एक धर्मगुरू नेमला, त्याचं नाव अंतोनिओ विवाल्दी. आज जगभर वाजणाऱ्या त्याच्या कितीतरी रचना या ‘कुणाच्या नसलेल्या’ मुलींच्या बोटांसाठी लिहिलेल्या आहेत.

आणि जाझचा बादशहा लुई आर्मस्ट्राँग. ३१ डिसेंबर १९१२ च्या रात्री न्यू ऑर्लीन्सच्या रस्त्यात या अकरा वर्षांच्या पोरानं हवेत पिस्तूल झाडलं. रवानगी थेट काळ्या मुलांच्या सुधारगृहात. तिथे पीटर डेव्हिस नावाचे शिक्षक होते. पोरगं त्यांना आधी पसंत नव्हतं. हळूहळू वाद्य हातात दिलं, मग कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं फुंकवाद्य), मग बँडचं नेतृत्व. पुढचं सांगायला नको.

आकडेमोड्या

इतिहास रोचक आहे, पण त्याच सुधारगृहातून बाहेर पडलेल्या आणि आर्मस्ट्राँग न झालेल्या मुलांचं काय? ती गोष्टीत नसतात.

जुनीपुराणी

मान्य. तीही बँडमध्ये वाजवतच होती म्हणा.

सहज_एक

सगळ्यांचं कौतुक आहे, पण कुणीतरी बोलायला हवं म्हणून बोलतो. या मुलांना अठराव्या वर्षी बाहेर पडून स्वतःच्या पायावर उभं राहायचंय. आठवड्यातले तीन दिवस टाळ्या वाजवण्यात घालवण्यापेक्षा संगणक शिकवा, शिवण शिकवा, वायरिंग शिकवा. संगीत ही भरल्या पोटाची चैन आहे. आपल्या मनाच्या समाधानासाठी त्यांचा वेळ वापरू नये असं माझं मत.

खालीभरी

सहज_एक, मी वायरिंगच करतो. लिफ्टची दुरुस्ती आणि देखभाल, बावीस वर्षं झाली. आणि बालगृहात वाढलोय, पाचव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत. हे मी इथे कधी लिहिलं नव्हतं. आज लिहितो.

आमच्याकडे दर रविवारी एक निवृत्त गृहस्थ बासरी शिकवायला यायचे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो, वयानं आजोबा असले तरी. मी नऊ वर्षं शिकलो. बासरीवादक झालो नाही, होणारही नव्हतो. माझी बोटं जाड आहेत आणि वरच्या सप्तकात फुंक फाटते ती आजही फाटते.

बालगृहात कुठलीच वस्तू तुमची नसते. कपडे धुऊन ढिगात येतात, मापाचा मिळेल तो उचलायचा. चप्पल, वही, पांघरूण, सगळं सगळ्यांचं. दादांनी मला बासरी दिली आणि खिशातल्या चाकूनं खालच्या टोकाला माझं अक्षर कोरलं. कपाटात तिच्यासाठी एक खण. माझ्या आयुष्यातली पहिली ‘माझी’ वस्तू ती. रात्री मी ती उशाशी घेऊन झोपायचो. वाजवायला नाही, नुसती असायला.

दुसरं सांगतो. आमच्याकडे चूक केली की शिक्षा असायची. कधी सौम्य, कधी नाही, पण असायचीच. त्यामुळे सगळे चूक लपवण्यात तरबेज. दादांकडे मी चुकीचा सूर लावला की ते एकच शब्द म्हणायचे, ‘परत.’ आवाज चढा नाही की मऊ नाही. परत. पुन्हा चुकलं, परत. एका रविवारी एकच जागा मी चाळीसेक वेळा चुकलो असेन. शेवटी माझंच डोकं फिरलं, बासरी आपटली. चीर गेली. मला वाटलं संपलं सगळं. दादांनी ती उचलली, धाग्यानं घट्ट गुंडाळली, फुंकून पाहिली आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘परत.’

आज लिफ्टचा बोर्ड उघडल्यावर दोष सापडेना की माझ्या हाताखालची नवी मुलं घाबरतात, काहीतरी जोडून मोकळी होतात, लपवतात. मी त्यांना म्हणतो, परत पहिल्या वायरपासून बघ. हे मला आयटीआयमध्ये शिकवलं नाही कुणी.

तेव्हा तुमचा प्रश्न बरोबर आहे, उत्तर ‘हे का ते’ असं नाही. मला दोन्ही मिळालं.

आणि ताई, तुम्हाला एक सांगायचंय, जे ऐकायला बरं नाही. दादा गेल्यावर कॉलेजची मुलं गिटार शिकवायला आली. छान होती, हसरी होती. तीन महिन्यांनी त्यांची परीक्षा आली आणि ती गेली. पुढच्या वर्षी दुसरी आली, ड्रम घेऊन. तीही गेली. तोपर्यंत आमच्यातल्या लहानांनी नव्या माणसाचं नाव विचारणंच सोडून दिलं होतं. ज्यांना आधीच माणसं सोडून गेलीत, त्यांच्याकडे तीन महिन्यांसाठी जाऊ नये. नाही गेलं तरी चालेल.

मंद्रसप्तक

खालीभरीदादा, दोनदा वाचला तुमचा प्रतिसाद. काही लिहीत नाही आत्ता.

फळाखडू

हे वाचल्यावर त्या अभ्यासातलं ‘एका वर्षात काही नाही, दोन वर्षांत फरक’ हे वेगळ्याच उजेडात दिसायला लागलं.

दूरचा_शेजारी

दक्षिण अमेरिकेचा विषय निघायलाच हवा. व्हेनेझुएलात होसे आन्तोनिओ आब्रेउ यांनी १९७५ मध्ये ‘एल सिस्तेमा’ हा मुलांच्या वाद्यवृंदांचा उपक्रम सुरू केला. स्वतः अर्थतज्ज्ञ आणि संगीतकारही. सुरुवात गाड्यांच्या एका गॅरेजमध्ये, मूठभर मुलांवर. पुढे देशभर केंद्रं, लाखो मुलं, जगभर नकला. गुस्तावो दुदामेल तिथलाच, २००९ मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचा संगीत दिग्दर्शक झाला. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते : एकेकट्यानं वर्षानुवर्षं सराव करून मग वाद्यवृंदात प्रवेश, ही नेहमीची रीत त्यांनी उलटी केली. पोराला पहिल्या दिवसापासून वृंदातच बसवायचं. एकच सूर येतो? मग तो एक सूर वाजव, पण सगळ्यांबरोबर. थोडं पुढे गेलेल्यानं मागच्याला शिकवायचं.

दुसरं उदाहरण पराग्वेतलं. आसुन्सिओनजवळच्या कातेउरा या कचराडेपोच्या वस्तीत फाविओ चावेस नावाचे पर्यावरण तंत्रज्ञ पोरांना संगीत शिकवायला लागले. मुलं जास्त, वाद्यं कमी. मग कचरा वेचणाऱ्यांतल्याच एका कारागिरानं तेलाच्या डब्यांची व्हायोलिनं, पत्र्याच्या पिंपाचा चेलो, पाइपांची सॅक्सोफोनं बनवली. त्यामागचं व्यवहारी कारण लक्षात घ्या. त्या वस्तीत खरं व्हायोलिन घरापेक्षा महाग. पोराच्या हाती दिलं तर ते चोरीला जाणार, विकलं जाणार, किंवा त्यापायी पोरालाच धोका. डब्याच्या व्हायोलिनला कोण हात लावतोय?

आकडेमोड्या

एल सिस्तेमाचा अभ्यास माझ्याकडे आहे, आणि ताईंच्या रकान्याला तोच सगळ्यात उपयोगी पडेल. १६ केंद्रांवर ६ ते १४ वयाची २९१४ मुलं. अर्ध्यांना चिठ्ठ्या टाकून आधी प्रवेश, अर्ध्यांना वर्षभरानं. म्हणजे तुलना चोख. निष्कर्ष : स्वतःवरचा ताबा थोडा वाढला, वागणुकीच्या तक्रारी थोड्या कमी झाल्या. ज्यांच्या आया कमी शिकलेल्या होत्या आणि जी मुलं (विशेषतः मुलगे) हिंसाचार पाहिलेली होती, त्यांच्यात हा परिणाम जास्त. बुद्धीच्या चाचण्यांत मात्र सगळ्या मुलांचा मिळून असा काही फरक नाही.

ताई, तुमचा हवेत थांबलेला हात तो हाच. पहिल्या प्रतिसादात मी जरा घाईनं टाळी वाजवली म्हणायचं.

पण त्याच अभ्यासात एक बोचरी गोष्टही आहे. ज्या भागांत ही केंद्रं होती तिथलं गरिबीचं प्रमाण ४६.५ टक्के होतं, आणि केंद्रात आलेल्या मुलांत गरिबांचं प्रमाण १६.७ टक्के. ‘गरिबांसाठी’ म्हणून नावाजलेल्या उपक्रमात गरीबच कमी! कारण माझ्या मते फार साधं आहे. फुकट वर्गालाही पोराला रोज दुपारी आणून सोडणारं कुणीतरी घरी लागतं. सगळ्यात गरिबाच्या घरी तेच नसतं. धाकटी भावंडं सांभाळायला तेच पोर लागतं.

सहज_एक

खालीभरी, तुमचा प्रतिसाद वाचून माझं ‘चैन’ हे विधान मागे घेतो. पण हा १६.७ टक्क्यांचा आकडा मात्र माझ्या बाजूचा आहे हे नमूद करतो!

दूरचा_शेजारी

आकडा तुमच्या बाजूचा नाही हो. वर्ग बंद करा असं तो म्हणत नाही, वर्ग पोराच्या दाराशी न्या म्हणतो. धाकट्याला कडेवर घेऊन आलं तरी चालेल म्हणा. आमच्या ओळखीच्या एका वर्गात कोपऱ्यात एक सतरंजी कायम टाकलेली असते, धाकट्यांसाठी. तीन वर्षांचं पोर तिथे लोळता लोळता सरगम म्हणायला लागतं.

वाचनमात्र

मी फारसं लिहीत नाही, पण एक पाहिलेलं सांगते.

एका कार्यक्रमात अशाच मुलांचं गाणं होतं. दहा-बारा वर्षांची एक मुलगी सुंदर गायली. गाण्याआधी निवेदिकेनं तिच्या हातात माइक देऊन सांगितलं, ‘तुझी गोष्ट सांग.’ आणि तिनं सांगितली. वडील काय करायचे, आई कशी गेली, सगळं पाठ असल्यासारखं, एका सुरात. प्रेक्षकांत डोळे पुसणं चालू. नंतर गाणं, टाळ्या, देणगीचं आवाहन. मी मागे बसले होते. विंगेत जाताना ती शेजारच्या मुलीला म्हणाली, ‘मागच्या वेळी जास्त रडले होते.’

गाणं त्यादिवशी कुणी ऐकलं का, मला शंका आहे. ताई, तुमच्या रकान्यात काहीही लिहा, पण एका मुलाची ‘आधी असा होता, आता असा आहे’ ही गोष्ट नका लिहू. मग पुढच्या वर्षी त्यांना तीच गोष्ट स्टेजवर हवी असेल.

मंद्रसप्तक

बाई गं. आणि धाग्यात मी तेच केलंय की. नावगाव दिलं नाही एवढंच. लक्षात आणून दिल्याबद्दल मनापासून आभार.

स्वरपट्टी

मी वाद्यदुरुस्तीचं काम करतो. सगळे मेंदू आणि मन यावर बोलताहेत, मी लाकूड-पितळेवर बोलतो.

लोक ‘गरीब मुलांना द्या’ म्हणून वाद्यं देतात. माळ्यावर वीस वर्षं पडलेली. पेटीचा भाता फाटलेला, पट्ट्यांना कसर, तबल्याची शाई उडालेली, गिटारची मान वाकलेली. देणाऱ्याला पुण्य मिळतं आणि ते पोर सहा महिने बेसूर पेटीवर सूर शोधत बसतं. शिकणाऱ्याला वाईट वाद्य देणं म्हणजे नंबर चुकलेला चष्मा देऊन वाच म्हणण्यासारखं. मुरलेला वादक वाईट वाद्य सांभाळून घेतो, नवशिक्याला वाटतं आपलाच कान खराब. कातेउराच्या डब्यांचं नवल त्यासाठीच, की ती डब्याची असूनही सुरात लावता येतात. नाहीतर फोटोपुरती वाद्यं कोणीही बनवेल.

दुसरं, मूल वाढतं. व्हायोलिन पाव, अर्धं, पाऊण अशा मापांत येतं, दर दोनेक वर्षांनी बदलावं लागतं. देणगीत एकदाच वाद्य घेतात आणि पुढचं माप कुणाच्याच हिशेबात नसतं. त्यापेक्षा वाद्यांची पेढी करा. लहान झालेलं परत करायचं, मोठं न्यायचं.

तिसरं, वाद्य घरी न्यायला द्या. हरवेल, फुटेल म्हणून कुलपात ठेवलं तर आठवड्याला तीन तास हात लागतो, त्यात काय येणार? फुटलं तर माझ्यासारखे आहेत.

आणि काहीच नसेल तर गळा आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सारा ग्लोव्हर आणि मग जॉन कर्वेन यांनी ‘डो रे मी’ची सोपी अक्षरपद्धत रुजवली. ज्यांना वाद्य आणि महागडी स्वरलिपीची पुस्तकं परवडत नाहीत त्यांनाही कागदावरून गाता यावं म्हणून. कर्वेननं प्रत्येक सुराला हाताची एक खूण दिली. शिक्षकानं नुसता हात हलवायचा, पन्नास पोरं सूर लावतात. वाद्य शून्य.

जुनीपुराणी

स्वरपट्टी, सुंदर प्रतिसाद. आपल्याकडेही गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा घराण्याबाहेरच्या, साध्या घरातल्या पोरांना गाणं खुलं करायचं हाच हेतू होता. दार कुणासाठी उघडं, हा प्रश्न जुनाच आहे.

फळाखडू

हाताच्या खुणा उद्याच वर्गात करून बघते. चाळीस पोरं आहेत, होऊन जाऊ दे.

मंद्रसप्तक

मंडळी, काल रात्री फॉर्म भरून पाठवला. काय लिहिलं ते इथे द्यायला हवं, तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात.

‘मोजता येण्याजोगा फायदा’ या रकान्यात लिहिलं : ‘वर्ग सुरू झाला तेव्हा २३ मुलं होती. त्यातली ७ बालगृह सोडून गेली. उरलेल्या १६ पैकी १४ आजही येतात. वर्ग सक्तीचा नाही. सहा वर्षांत शिक्षिका बदललेली नाही.’ नवी आलेली मुलं धरून आज पुन्हा तेवीस आहेत, म्हणून खेळ तोच चालू आहे. गुणांबद्दल लिहिलं, ‘मोजलेले नाहीत.’ एल सिस्तेमाच्या अभ्यासाचं एक वाक्य टाकलं, दोन्ही बाजूंनी, गरिबीच्या टक्क्यांसकट. मुलाची गोष्ट लिहिली नाही. आणि ‘पुढील वर्षाच्या अपेक्षा’ या रकान्यात दोन गोष्टी मागितल्या : मदतनिसाचं मानधन तीन वर्षांचं एकदम, आणि प्रत्येक मुलाला स्वतःच्या नावाचा कुलूप लागेल असा एक खण. दुसरी मागणी कुठून आली ते खालीभरीदादांना कळेलच.

संस्थेच्या बाईंचा सकाळी फोन आला होता. खणांबद्दल त्यांनी विचारलं, ‘याचा संगीताशी काय संबंध?’ मी या धाग्यातलं, अक्षर कोरलेल्या बासरीचं, सांगितलं. कुणाचं ते सांगितलं नाही. बघू.

खालीभरी

खण करायचे असतील तर कड्या आणि कुलपं माझ्याकडून. चाव्या मात्र मुलांकडेच द्या. एक जास्तीची ऑफिसात ठेवतात ना, ती नको.

आकडेमोड्या

‘मोजलेले नाहीत’ असं फॉर्ममध्ये लिहिणारी व्यक्ती मी पहिल्यांदाच पाहतोय. पैसे मिळोत न मिळोत.

स्वरपट्टी

ताई, तुमच्याकडे पेटी कुठल्या अवस्थेत आहे? मी येऊन बघतो. भात्याचं काम आहे की सुरांचं?

मंद्रसप्तक

भाता ठीक आहे हो. मधल्या सप्तकातली एक काळी पट्टी दाबली की दबूनच राहते, बोटानं वर उचलावी लागते. मुलांनी त्यावरही तोडगा काढलाय. एक जण वाजवतो, दुसरा नुसता पट्टी उचलायला बसतो, आणि त्या जागेसाठी भांडणं होतात. व्यक्तिगत निरोप करते.